सहलेखिका सरस्वतीदेवी

झिमली सरखेल आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाली त्या दिवशी तिनं पहिलं काम काय केलं, तर भादुरी-सरांच्या खुर्चीत बसून पाहिलं. सर नेमके दारात. आम्ही जुने विद्यार्थी तिला उठ म्हणून खुणा करू लागलो. ही बया उठली तर नाहीच, वर म्हणाली, "सर, या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे. तुमची कंबर दुखते म्हणून सगळे हळहळतात, पण खुर्चीकडे कोणी बघतच नाही."

सर वाकले, चष्मा सावरला, पाय बघितला. आखूड होता. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना मलमं आणून देत होतो आणि एकालाही खाली वाकायचं सुचलं नव्हतं. सर मोठ्यानं हसले आणि त्याच दिवशी तिला आपल्या हाताखाली घेतलं. त्या हसण्याची त्यांना पुढं किती किंमत पडणार होती हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी कंबरदुखीच पत्करली असती.

आमची संस्था हुगळीच्या काठी, बैद्यबाटीला. काम पाण्याचं. तळ्यांतले मासे कशानं वाढतात आणि कशानं मरतात याचा आम्ही अभ्यास करायचो, आणि दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांच्याच भाऊबंदांचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, भाताबरोबर ओरपायचो. माझं कागदोपत्री नाव सौम्यदीप. पण आईनं एकदा संस्थेत फोन करून "आमचा भोंबल आहे का तिथं?" असं विचारलं, आणि फोन झिमलीनं उचलला होता. भोंबल म्हणजे ढब्बू. त्या दिवसापासून सौम्यदीप मेला. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचा मी भोंबल झालो आणि झिमलीचा भोंबलदा, म्हणजे भोंबलदादा.

दिसायला झिमली काडी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पिशवीत कायम मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि हिरव्या मिरच्या. बोरं बाजारात आली की सरस्वतीपूजेच्या आधीच खायची, तीही सगळ्यांसमोर, बिया थुंकत. आमच्याकडे पूजेआधी बोर खाल्लं की परीक्षेत नापास होतो असं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हणायचो, "झिमली, विषाची परीक्षा नको बघू." ती म्हणायची, "भोंबलदा, अर्धी बोरं तू खा, अर्धी मी. कोण नापास होतं ते बघू. प्रयोग म्हणजे प्रयोग." मी कधी खाल्ली नाहीत. मला तेव्हा प्रबंध पुरा करायचा होता.

तिचा खरा दुर्गुण मात्र वेगळाच. कोणी प्रयोगाचा सुंदर आलेख दाखवला, सगळ्यांनी "वा वा" म्हटलं, की मागच्या बाकावरून तिचा गोड आवाज यायचा, "फार छान आलंय. कितव्या खेपेला आलं?" एवढंच. विचारून ती मुडी खायला लागायची. समोरच्याचं तोंड मात्र बघण्यासारखं व्हायचं, कारण सुंदर गोष्ट कितव्या खेपेला आली आणि आधीच्या खेपांचं काय केलं, हे आमच्या धंद्यात विचारायचं नसतं. नव्या सुनेला माहेरी किती जणांनी बघून नकार दिला हे विचारण्यातलाच तो प्रकार. तिनं असे पुष्कळ शत्रू जोडले. भादुरी-सर मात्र खूश व्हायचे. "हिला शास्त्राचं नाक आहे," म्हणायचे. तिला 'मा' म्हणून हाक मारायचे, घरात लेकीला मारतात तशी. घरून येताना तिच्यासाठी वाटीभर मोचाची, म्हणजे केळफुलाची, भाजी आणायचे. आम्ही जळायचो.

हे सर म्हणजे डॉक्टर निशीथरंजन भादुरी. माणूस प्रेमळ, आवाज खर्जातला, आणि अंगात एकच भूत होतं, ते भुकटीचं. मासळीचं खाद्य विकणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांनी एक भुकटी तयार केली होती. ती तळ्यात टाकली की पाण्यातला प्राणवायू टिकून राहतो, थंडीतल्या धुक्याच्या दिवसांतसुद्धा, असा त्यांचा दावा. धुकं असलं की ऊन नाही, ऊन नाही की पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. भुकटी चालली असती तर साऱ्या बंगालच्या मासेवाल्यांनी सरांचा फोटो देव्हाऱ्यात लावला असता. कंपनी संस्थेला नवी इमारत देणार होती, सरांना संचालकपद मिळणार होतं, आमच्या शिष्यवृत्त्या वाढणार होत्या, आणि झिमलीला प्रबंधावर सरांची सही झाल्या झाल्या कंपनीत अधिकाऱ्याची जागा ठरलेली होती. तिच्या गावी, काटव्याला, तिच्या आईनं तर साऱ्या आळीला सांगून टाकलं होतं, "आमची झिमली ऑफिसर होतेय. गाडी न्यायला येणार तिला."

त्या हिवाळ्यात आवारातल्या दोन तळ्यांवर प्रयोग लागला. एका तळ्यात भुकटी, दुसऱ्यात नुसती देवाची मर्जी. रोज पहाटे झिमली शाल गुंडाळून दोन्ही तळ्यांवर जायची आणि मीटर पाण्यात बुडवून प्राणवायू मोजायची. मीटर अख्ख्या संस्थेत एकच धड होतं. दुसरं होतं, पण त्यानं त्या हिवाळ्यात मौनच धरलं होतं.

धुकं पडलं आणि सरस्वतीपूजा आली. पूजेला आम्ही तळमजल्यावर मूर्ती बसवायचो, रांगोळी घालायचो, मुली पिवळ्या साड्या नेसायच्या. आणि ज्याची ज्याला भीती वाटते ते तो देवीच्या पायाशी ठेवायचा. मी माझा अर्धामुर्धा प्रबंध ठेवला. आदल्या रात्रीच, मूर्ती बसली तशी, सर म्हणाले, "मा, मीटर ठेव. फार चावट झालंय अलीकडे." झिमलीनं मीटर ठेवलं, सरांनी स्वतःच्या हातानं त्याला झेंडूची माळ घातली. एकदा पायाशी ठेवलेल्या वस्तूला पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दही-पोह्यांचा नैवेद्य होईपर्यंत कोणी हात लावत नाही. पूजेच्या दिवशी बंगालभर कोणी पुस्तक उघडत नाही, पेन धरत नाही. आळशी विद्यार्थ्यांनी धर्मशास्त्रात घुसवलेला हा सर्वात पवित्र नियम. धोतर नेसून, हात जोडून सर देवीसमोर उभे राहिले, मी त्यांचा फोटो काढला, आणि मग आम्ही खिचुडी आणि बोरांची चटणी हादडून आडवे झालो.

थंडी सरली. सरांनी लेख लिहिला, छापायलाही दिला, आणि चैत्रातल्या वार्षिक परिषदेत तो झिमलीनं सादर करायचा असं ठरलं. लेखाची छापील प्रत तिच्या हातात पडली त्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. मुडी नाही, मिरची नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"भोंबलदा, हे बघ." आलेखात दोन रेघा होत्या. निळी बिनभुकटीच्या तळ्याची, ती धुक्याच्या दिवसांत खाली घसरलेली. तांबडी भुकटीच्या तळ्याची, ती मात्र ऐटीत वर. "मी मोजलं तेव्हा दोन्ही सारख्याच घसरल्या होत्या. तांबडीला वर कोणी उचललं?"

"तू सरांना विचार," मी म्हणालो. माझं असलं धाडस नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावरून चालतं.

तिनं विचारलं. सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि मी बाहेर कपाट आवरायचं सोंग करत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"खोटं नाही गं ते, मा," सर म्हणाले. "आकड्यांवर जरा फणी फिरवली. सगळेच फिरवतात. लग्नाला जाताना तूही केस विंचरतेसच ना?"

"विंचरते, सर. टोप नाही घालत."

सर हसले. मग खुर्ची पुढं ओढून समजुतीच्या सुरात म्हणाले, "भुकटी चालते हे मला माहीत आहे. वीस वर्षं मी पाण्यात काढलीत. त्या थोड्या दिवसांत फक्त पाण्याला ते माहीत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात नीट येईल बघ. तोवर कंपनी थांबणार आहे का? तुझी नोकरी थांबणार आहे? तुझ्यापुढं तीनच रस्ते आहेत. कंपनीत जा आणि आईला सुखात ठेव. नाहीतर परदेशी जा, तिथल्या थंडीत उंदरांच्या शेपट्या मोज. नाहीतर एखाद्या आडगावच्या कॉलेजात खडू झिजव. पहिल्या रस्त्याचं दार माझ्या सहीनं उघडतं. उघडू ना?"

झिमलीनं लेखाची प्रत घडी घालून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "ठीक आहे, सर."

सर निश्चिंत झाले. मी नाही झालो. झिमली 'ठीक आहे' म्हणाली की आम्ही खुर्ची तपासून बसायचो.

पुढचे काही दिवस ती नुसती बसून असायची. आईचे फोन यायचे, गाडी कोणत्या रंगाची येणार असं शेजारच्या काकू विचारतायत म्हणून. झिमली 'हो हो' करायची आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघायची. तिला नोकरी नको होती असं कोणी समजू नये. हवी होती. तिनं मला सांगितलंही, "भोंबलदा, मला खूप हवीय रे ती. आई पंचवीस वर्षं शिकवण्या करतेय. मी एक सही घेतली की ती थांबेल." आणि डोळे पुसले. मी तिला माझ्या वाटणीची आलूर चॉप, आमच्याकडचा बटाटेवडाच तो, देऊन टाकली. याहून मोठं सांत्वन मला येत नाही.

चॉप खाता खाता तिनं तो आलेख पुन्हा पुढं ओढला, तांबड्या ठिपक्यांवरून तेलकट बोट फिरवत गेली, आणि एका ठिपक्यावर थांबली. तारीख बघितली. भिंतीवरचं पंचांग बघितलं. आणि मग ती अशी हसायला लागली, की घास घशात अडकून मला तिच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

"भोंबलदा! सरस्वतीपूजेच्या दिवशीसुद्धा ठिपका आहे!"

मला उलगडायला वेळ लागला.  सरांनी धुक्याचे दिवस ओळीनं भरले होते, एकही न सोडता. पण त्या दिवशी मीटर माळ घालून देवीच्या पायाशी बसलं होतं, आणि ती माळ खुद्द सरांनीच घातली होती. सरांसारखा माणूस मरेल, पण पायाशी ठेवलेल्या वस्तूला हात लावणार नाही. खोटं रचताना मात्र त्यांना वाटलं, दिवस म्हणजे दिवस. पूजा त्यांच्या लक्षातच राहिली नाही. असली चूक एखाद्या परक्या साहेबाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्याच्याकडे पूजाच नाही, त्या दिवशीही मीटर तळ्यातच असलं असतं.

"झिमली, काही करू नकोस," मी म्हणालो.

"मी काय करणार? मी फक्त सहलेखकांना त्यांचं श्रेय देणार. लेखनाची नीती असते ना काही."

परिषदेच्या दिवशी सभागृह गच्च. पहिल्या रांगेत भादुरी-सर, कडक इस्त्रीचा पंजाबी कुडता घालून. शेजारी कंपनीचे दत्तगुप्त साहेब, हातात सोंदेश मिठाईची बशी. आणि मधोमध डॉक्टर लतिका तालापात्र. आमच्या क्षेत्रातल्या या सर्वात ज्येष्ठ बाईंना तपासणीसाठी खास कोलकात्याहून बोलावलं होतं. वय सत्तरीपुढचं, कान तीक्ष्ण, आणि कोणाचं ऐकायची सवय नाही. पडद्यावरची चित्रं बदलायचं काम माझ्याकडे. 

पहिलं चित्र आलं. लेखाचं नाव, खाली लेखक. निशीथरंजन भादुरी. अपराजिता सरखेल, म्हणजे आपली झिमली. आणि तिसरं नाव: श्रीमती सरस्वतीदेवी.

मागच्या रांगांतून खसखस पिकली. सरांना आधी कळलंच नाही. ते मान डोलावत होते. तालापात्र बाईंनी चष्मा वर केला.

"हे तिसरं नाव कोणाचं?"

"सहलेखिका आहेत, मॅडम."

"कुठल्या संस्थेच्या?"

"सगळ्याच संस्थांच्या, मॅडम. आमच्याकडे दर वर्षी येतात, तळमजल्यावर उतरतात. परत मात्र गंगेतून जातात."

सभागृह फुटलं. दत्तगुप्त साहेबांना सोंदेशाचा ठसका लागला. तालापात्र बाई हसल्या नाहीत, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आणि त्यांचं या कामात योगदान काय?"

"पुढचं, भोंबलदा," झिमली म्हणाली. मी आलेख लावला. "हा ठिपका, मॅडम. ही सरस्वतीपूजेची पहाट. मीटर आमच्याकडे एकच. पुढचं, भोंबलदा." पडद्यावर मूर्ती आली. पायाशी माळ घातलेलं मीटर, आणि समोर धोतर नेसून, डोळे मिटून, हात जोडलेले भादुरी-सर. "मीटर देवींच्या ताब्यात होतं. तेव्हा तळ्यावर जाऊन माप घेतलं असेल तर ते त्यांनीच. एवढे कष्ट घेतल्यावर नाव गाळणं मला बरं वाटलं नाही."

आता तर लोक बाक बडवत होते. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आमच्याकडे माणसाला चोर म्हणा, तो तीन तास वाद घालेल आणि शेवटी चहा पाजेल. पण भरल्या सभेत त्याच्यावर हसलात, तर त्याला पळायला वाट उरत नाही. मला क्षणभर सरांची फार दया आली, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही.

पण सर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले, हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि स्वतःही हसले. "खोडकर पोरगी आहे. लाडानं डोक्यावर बसलीय. मॅडम, त्या दिवशी मी शेजारच्या कॉलेजातून मीटर मागवलं होतं आणि पहाटे स्वतः मोजून आलो. प्रयोगात खंड नको म्हणून. हिला सांगायचं राहून गेलं."

झालं. इतकं सोपं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. चेष्टा झाली, उत्तर मिळालं, आता चहा. दत्तगुप्त साहेबांनी बशी पुन्हा उचलली. सरांनी झिमलीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. 'बघ, तुझ्यासाठीही वाट काढली' असंच ती नजर म्हणत होती.

तालापात्र बाई झिमलीकडे वळल्या. "तुला माहीत नसेल कदाचित. असं झालं असेल का?"

बाईंनी चांगुलपणानंच विचारलं होतं. 'असेल' म्हटलं की संपलं. सही झाली असती, नोकरी मिळाली असती, काटव्याच्या शिकवण्या थांबल्या असत्या. खोटं बोलायचीही गरज नव्हती. फक्त खांदे उडवायचे, आणि तिला खांदे उडवायला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "म्हण असेल! म्हण गं बाई!"

झिमलीनं नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"नाही, मॅडम. त्या पहाटे मी तळ्यावर होते. मोजायला नाही. तळ्याकाठच्या संचालकांच्या बागेतले झेंडू चोरायला. उजाडेपर्यंत तिथंच होते. सर आले नव्हते, कोणीच आलं नव्हतं."

कोणी हसलं नाही.

"आणि तो एकच ठिपका नाही. धुक्याच्या दिवसांतली सगळी तांबडी रेघ माझी नाही. मी मोजलं तेव्हा दोन्ही तळी सारखीच घसरली होती. भुकटीनं काही झालं नाही, मॅडम. मासे दोन्हीकडे तडफडत होते."

तिचा आवाज कापत होता. इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो; सर रागावले, शिष्यवृत्ती अडकली, तापानं फणफणली, तरी तिचा आवाज कधी कापलेला मी ऐकला नव्हता. थट्टा करत होती तोवर तिला भीती वाटत नव्हती. आता थट्टा संपली होती आणि ती एकटीच उभी होती.

सर ओरडले नाहीत. त्यांनी खुर्चीला टांगलेली छत्री घेतली. "चहा घ्या सगळ्यांनी," म्हणाले, आणि निघून गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजेचं काही नाही. लेख मागं घेतला गेला. कंपनी निघून गेली, इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात डास झाले. सरांचं संचालकपद हुकलं. आमच्या शिष्यवृत्त्या वाढल्या नाहीत, आणि अर्धी प्रयोगशाळा झिमलीशी बोलायची बंद झाली. मीही महिनाभर फुगून होतो, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. सरांनी तिच्या प्रबंधावर सही केली नाही. तिला कल्याणीच्या विद्यापीठात दुसरे मार्गदर्शक शोधावे लागले, पुन्हा हिवाळे मोजावे लागले, आणि शेवटी जो प्रबंध झाला त्यात एवढंच सिद्ध झालं, की भुकटी चालत नाही. तिची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढी वर्षं शिकून पावडर चालत नाही हेच शोधलंस? मला विचारायचंस! बाजारात मिळणारी कुठली पावडर चालते?"

नोकरीच्या मुलाखतींना बोलावणी यायची. समोरची मंडळी आधी गंभीर असायची, मग त्यातला एकजण पुढं वाकून विचारायचा, "तुम्ही त्याच ना, सरस्वतीवाल्या?" मग सगळे पोट धरून हसायचे, तिच्याकडून सगळी हकीकत ऐकायचे, चहा पाजायचे, पाठ थोपटायचे, आणि नोकरी दुसऱ्याला द्यायचे. तिच्या प्रामाणिकपणाचं सगळ्यांना कौतुक होतं. आपल्या घरात मात्र तो कोणालाच नको होता.

शेवटी ती बसिरहाटकडच्या एका छोट्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत लागली. दोन खोल्या, एक पंखा. लोक आपापल्या तळ्यांचं, भेड्यांचं म्हणजे मत्स्यशेतांचं, विहिरींचं पाणी बाटलीत घेऊन येतात, ती तपासते आणि असेल ते लिहून देते. आई तिच्याकडेच राहते. गाडी काही न्यायला येत नाही. सायकल-व्हॅन येते, आणि शेजारच्या काकूंना रंग विचारायचा असेल तर ती निळी आहे.

त्या बदनामीचा तिथं मात्र तिला फायदाच झाला. सुरुवातीला कोणी ठेकेदार पाकीट घेऊन यायचा, "दीदी, आकडा जरा गोड करा." दारातला शिपाई बाबर अली त्याला बाजूला घेऊन सांगायचा, "दादा, या सरस्वतीवाल्या दीदी. भरल्या सभेत गुरूला सोडलं नाही." तो माणूस पाकिटासकट परत जायचा. आता मी स्वतः मासळीच्या खाद्याच्या एका कंपनीत आहे, पगार बरा आहे, आणि आमचं खाद्य उत्तम आहे असं आम्ही म्हणतो. तपासणीला नमुने कुठं पाठवायचे असं साहेबांनी विचारलं, की मी बसिरहाट सोडून बाकी सगळी नावं सांगतो. झिमलीला हे कळलंय. भेटली की ती माझं पोट दाबून म्हणते, "भोंबलदा, हे कितव्या खेपेला आलं?"

गेल्या पौषात मी तिला नोलेन, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे सोंदेश द्यायला गेलो होतो. तिच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बाटल्या घेतलेली माणसं बसली होती. मी आत तिच्या टेबलाशी सोंदेशाचं खोकं उघडतो आहे, तोच दारात छत्री दिसली. मागोमाग भादुरी-सर. केस पूर्ण पांढरे, कंबरेत वाकलेले. निवृत्तीनंतर ते हाबड्याजवळ आपल्या गावी राहतात, दोन तळी आहेत, मासे सोडलेत, एवढं मी ऐकून होतो. हातात कापडात गुंडाळलेली पाण्याची बाटली होती.

मी ताडकन उठून त्यांच्या पाया पडलो. झिमलीही उठली, पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"मासे मरतायत," सर म्हणाले. "रोज सकाळी चार-पाच वर तरंगतात. अमोनिया बघून देशील?"

मला राहवलं नाही. "सर, एवढ्या लांब दोनदा गाडी बदलून आलात? बारासातला तुमचा रजत आहे ना, तुमचाच विद्यार्थी, मोठी प्रयोगशाळा आहे त्याची. एक फोन केला असता तर स्वतः घरी येऊन पाणी घेऊन गेला असता."

"गेला होता घेऊन," सर म्हणाले. "दोनदा. दोन्ही वेळा म्हणाला, सर, तुमचं पाणी अगदी छान आहे." त्यांनी बाटलीभोवतीचं कापड सोडलं. "रजत चांगला मुलगा आहे. माझं मन मोडवत नाही त्याला. मीच शिकवलंय. पण मासे मरतायत ना."

झिमलीनं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं चष्मा वर सरकवला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "तुमच्या आधी चौघं आहेत, सर. बाहेर बाकावर बसा. नंबर आला की हाक मारते."

सर बाहेर जाऊन रांगेत बसले.